हिरवा ठिपका

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी कांदा परतत होते. करपल्याचा वास आला म्हणून तव्यात बघितलं, तर कांदा नुसता गुलाबी. करपत होता माझा हात. बिडाच्या तव्याची दांडी मी फडक्याशिवाय धरली होती आणि मला पत्ता नव्हता.

थंडीमुळे असेल. बे सिटीत फेब्रुवारीत कुणाची बोटं जागेवर असतात?

जोसलिनला सांगितलं, इस्त्री लागली. ही माझी नात. सव्वीस वर्षांची, चार वर्षं माझ्याकडे राहते, मला आमच्या पोलिश रीतीने बूशा म्हणते, म्हणजे आजी. म्हणाली, "बूशा, तू आजोबांच्या दफनाला शेवटची इस्त्री केली होतीस." मी म्हटलं, "मग आज दुसऱ्यांदा केली. तुला काय करायचंय?"

लिहायला बसले ते एवढ्याचसाठी, की हे कुणाला सांगता येत नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या आयर्माला आधी गुंड्या लावता येईनात. मग मुलीने तिचा गॅस बंद करवला, मग गाडीची किल्ली घेतली, मग घर विकलं. आता आयर्मा एका वृद्धाश्रमात खिडकीशी बसून चमच्याने भरवलेली जेली खाते. मला जेली आवडत नाही.

ही वही माझ्या जुन्या कारखान्यातली. तो बंद पडला तेव्हा लोकांनी पाने, हातोडे, खुर्च्या उचलल्या. मी तपासणीच्या बारा कोऱ्या वह्या आणि माझा ४१ नंबरचा शिक्का उचलला. रकाने आहेत: तारीख, वस्तू, निकाल, तपासनीस. मी रकाने ओलांडून लिहिते. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला रेघा बऱ्या पडतात.

४ मार्च, मंगळवार

उद्यापासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास. जोसलिन बेकरीच्या रांगेत तासभर उभी राहून डझनभर पुंचकी घेऊन आली, आमचे पोलिश डोनट, आलुबुखाराचं सारण भरलेले. गाडी दाराशी आली तेव्हाच मी स्वयंपाकघरातून ओरडले, "इंजिन टकटकतंय!"

"थंडीने, बूशा."

"थंडीने दात वाजतात. हे कॅमशाफ्टचं आहे."

तिचं तोंड पडलं. तिलाही कळलं होतं, फक्त माझ्या तोंडून नको होतं.

एकतीस वर्षं मी कॅमशाफ्ट तपासले. हातभर लांब पोलादी दांडा, त्यावर सोळा उंचवटे. आम्ही बायका त्यांना अंडी म्हणायचो. दांडा फिरतो, अंडी झडपा उघडतात, इंजिन श्वास घेतं. एका अंड्यावर केसाएवढा ओरखडा राहिला तर इंजिन स्वतःलाच खात सुटतं. घासणाऱ्या यंत्रावरून दांडा आला की मी डोळे मिटायची आणि अंगठा फिरवायची. डोळे फसतात, चकाकीला भुलतात. अंगठा भुलत नाही. चांगला असेल तर टोकाला हिरवा ठिपका, नसेल तर लाल. एकतीस वर्षांत माझा हिरवा ठिपका एकदाही परत आला नाही. एकदाही.

जेवताना जोसलिन म्हणाली, "उघडायचंच आहे तर जुन्यासारखाच कशाला बसवू? मोठ्या अंड्यांचा बसवते. जोर वाढेल."

"जोर कमी आहे का तुझ्या गाडीला? मागच्या वर्षी आपली टपालपेटी आडवी केलीस."

"बर्फ होता!"

"पेटी तर उभीच होती."

लोक अशी मसल कार, दांडगट इंजिनाची, झाकून ठेवतात आणि उन्हाळ्यात रविवारी मिरवायला काढतात. ही बाई तिला बर्फावर टाकलेल्या मिठाच्या चिखलातून रोज सत्तेचाळीस मैल फ्लिंटला नेते आणि तिथे दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते. वाटेत झिलवॉकीचा पूल आहे, आभाळाला टेकलेला, त्यावर मालट्रक घोंगावत असतात. त्या पुलावर इंजिन बसलं तर मागचा ट्रक काही थांबून विचारत नाही.

९ मार्च, रविवार

नऊ दिवसांची रजा काढली आहे तिने. गॅरेजमध्ये गाडीचं तोंड उघडं पडलंय, दंतवैद्याकडे आ करून बसल्यासारखं. पाणी काढलं, पंखे काढले, माथा काढला. जुना दांडा बाहेर आला. सातवं अंडं खाल्लेलं आहे म्हणते. धुऊन पुसून बाकावर निळ्या फडक्यावर ठेवलाय. "ये ना, जखम बघ," म्हणाली.

म्हटलं, नंतर. गुडघे दुखतात. खरं म्हणजे गुडघे दुखत नाहीत, पण पायऱ्या उतरताना पाय कुठे पडला ते मला बघावं लागतं.

नवा दांडा खोक्यातून येणार आहे. "बसवायच्या आधी तू बघायचास हं बूशा," ती म्हणाली. "तुझा हिरवा ठिपका हवाय मला. त्याशिवाय इंजिन परत जुळवणार नाही." नखांना लावायच्या हिरव्या रंगाची बाटलीसुद्धा आणून ठेवलीय. असला रंग नखांना कोण लावतं?

म्हटलं, "आण. बघते."

१२ मार्च, बुधवार

बघितला.

जोसलिन गाडीखाली होती. "बाकावर आहे, बूशा," आतून ओरडली. मी गेले, निळ्या फडक्यावरून दांडा उचलला, नळीदिव्याकडे पाठ केली, डोळे मिटले. पहिलं अंडं. दुसरं. तिसरं. अंगठ्याला काहीच लागेना. चांगल्या दांड्याला काहीच लागत नाहीच, लोण्यासारखा असतो. पण लोणी लागतं तरी. मला लोणीही लागलं नाही. लोकरीचा मोजा घालून चाचपावं तसं. सोळाव्यापर्यंत गेले. परत पहिल्यापासून आले.

डोळे उघडले तर जोसलिन समोर उभी. हात तेलाने काळे, तोंड उतरलेलं. दमली असेल, सकाळपासून उताणी पडलेली.

"सगळी सोळा?" तिने विचारलं.

"सगळी सोळा. बाळाच्या गालासारखी."

"नक्की, बूशा?"

"तुझ्या जन्माआधीपासून बघतेय मी," म्हटलं आणि बाटली घेतली, टोकाला हिरवा ठिपका ठेवला. ठिपका जरा लांबला.

तिने दांडा माझ्या हातातून घेतला, त्याच फडक्यात गुंडाळला, छातीशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. चहा पिऊ या का?" ही मुलगी चहा पीत नाही.

१३ मार्च, गुरुवार

खोटं लिहायचं असेल तर वही कशाला. मला काहीच लागलं नाही. चांगलं लागलं नाही, वाईटही लागलं नाही. मी दगड तपासला असता तरी हिरवा ठिपका दिला असता.

आता तो दांडा आत जाणार. माझ्या शब्दावर.

सांगायला गॅरेजच्या दारापर्यंत गेले होते. ती गुणगुणत साखळी चढवत होती. आयर्मा आठवली. परत फिरले.

१६ मार्च, रविवार

चालू झाली.

चर्चमधल्या मिस्सावरून आले तेव्हा ती गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या दांड्याची ओळख करून देत होती. मग किल्ली फिरवली. देवा! सरळ धडधड नाहीच. धडाड, थांब, धडाड धडाड, थांब. दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. खिडकीच्या काचा हलल्या. शेजारचा कुत्रा बाकाखाली शिरला.

"बंद कर!" मी ओरडले. "मोडतंय ते!"

"बूशा, मोठा कॅम असाच बोलतो! यासाठीच तर लोक पैसे देतात!"

"आजारी वाटायचे पैसे?"

ती हसत होती. मी कान लावून बसले. टकटक नव्हती. पण आमच्या कारखान्यात इंजिन नव्हतंच कधी, दांडे होते. मोठ्या दांड्याचं चांगलं धडधडणं कसं आणि वाईट कसं, मला काय माहीत?

१७ मार्च, सोमवार

पावणेसातला गेली. सातला पुलावर असेल. मी घड्याळासमोर बसले. आठला फोन केला, पोचलीस का. "पोचले! पक्ष्यासारखी उडते!" म्हणाली. उडते म्हणे.

१९ मार्च, बुधवार

घरातल्या वस्तूंना खूळ लागलंय. नळाला गरम पाणी येत नाही, नुसतं कोमट. म्हटलं बंब मेला. जोसलिन म्हणते, "बघते," आणि बघत नाही. माझा बिडाचा तवा सापडत नाही, त्याच्या जागी लाकडी मुठीचं हलकंसं काहीतरी लटकतंय. मला पट्ट्याच्या सपाता आणल्यात, लहान पोरांना घालतात तशा. म्हणते, सेल होता.

निघताना म्हणाली, "बूशा, पार्किंगला पंचवीस सेंटचं नाणं दे ना." खिशात हात घालून दिलं. तिने तळहातावर बघितलं, मुठीत धरलं, म्हणाली, "थँक्यू." गाडीत बसेपर्यंत ती मूठ उघडली नाही. फ्लिंटला तिच्या कामाच्या जागी पार्किंग फुकट आहे असं मला वाटत होतं. वाढवले असतील भाव.

२३ मार्च, रविवार

व्हर्नीसचा फोन. माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं होती, नंबर ३८. आता ऐंशीची आहे आणि जीभ अजून चाळिशीतच.

म्हटलं, "व्हर्नीस, तू कधी चुकीचा हिरवा दिलास का गं?"

"एकदा. नवरा सोडून गेला त्या आठवड्यात. परत आला."

"नवरा?"

"दांडा, बाई! नवरा कशाला येतोय?" खूप हसली. मग म्हणाली, "का विचारतेस?"

"उगाच."

"लॉटी, तू उगाच फोनसुद्धा उचलत नाहीस."

मी विषय बदलला, थंडीवर गेले. तर ती म्हणाली, "त्या हिवाळ्यात आठवतं? हीटर बंद पडले होते, बोटं मेली होती, तर आपण ओठाने तपासायचो. खालचा ओठ लावून. फोरमन म्हणायचा, बायकांनो, घरी नवऱ्याला तरी एवढं प्रेमाने करता का!"

मी विसरलेच होते. ओठ.

पण दांडा इंजिनाच्या पोटात आहे. आता कुठे ओठ लावू, बॉनेटला?

२७ मार्च, गुरुवार

सातला पाच कमी असताना सायरन वाजत गेला, मोठ्या रस्त्याकडे. मी जपमाळ काढली. मणी मोजता येईनात, बोटांतून घसरत होते की नव्हते कळेना, दहाच्या ऐवजी किती म्हटले देव जाणे. आठ पाचला तिने फोन उचलला. "बूशा, मी कामात आहे, काय झालं?"

"काही नाही. दूध आण."

"फ्रीजमध्ये तीन बाटल्या आहेत."

"चौथी आण."

रोज दूध सांगते. सहा बाटल्या झाल्या.

१ एप्रिल, मंगळवार

जोसलिन म्हणाली, "बूशा, नऊ तारखेला मला डॉक्टरकडे जायचंय. एकटीला भीती वाटते. येशील?"

कसली भीती वाटते, सांगेना. पोटुशी तर नाही? सहा महिन्यांत एक पुरुष दाराशी आला नाही, तो गटार साफ करणारा सोडून. "काय दुखतंय तुला?" विचारलं तर म्हणते, "तिथे गेल्यावर सांगते," आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला आमचं जुनं मांजर आठवलं, औषध घालायच्या आधी माझा नवरा स्टॅन त्याच्याकडे असंच बघायचा.

ती आजारी, आणि रोज त्या गाडीत. मला अन्न जात नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं.

रात्रीतून चार बोटं बर्फ पडला होता. एप्रिलात! सकाळी तिने गाडी सुरू केली, धडाड, थांब, धडाड, आणि थांबण्यातली एक थांब मला लांब वाटली. वाटली म्हणजे वाटली. आज पूल ओला, आज जाणार नाही ही, एवढंच डोक्यात. मी झोपायच्या कपड्यांवर कोट ओढला आणि धावले. गाडीसमोर जाऊन उभी राहिले, दोन्ही हात बॉनेटवर.

ती काच खाली करून ओरडली, "बूशा! वेडी झालीस का!"

"उतर."

"उशीर होतोय!"

"उतर म्हणते ना! त्या दांड्याचं मला काहीच कळलं नव्हतं. एक अंडं कळलं नाही. मी खोटा ठिपका दिला. माझी बोटं मेलीत, जोसलिन. मी तुला त्यावर तीन आठवडे पुलावरून पाठवतेय."

तिने इंजिन बंद केलं. उतरली. मला वाटलं ओरडेल. ती खाली बघत होती.

"तुझी एक सपात कुठंय?"

मी बघितलं. डावा पाय अनवाणी. बर्फात घोट्यापर्यंत रुतलेला, कोंबडीच्या पायासारखा पांढरा. सपात मागे पायरीवर पडली होती. तो पाय माझा आहे हे मला डोळ्यांनी बघून मानावं लागलं. एवढी घाबरले नव्हते मी कधी. स्टॅन गेला तेव्हासुद्धा नाही.

तिने मला उचललंच जवळजवळ. आत नेऊन कोमट पाण्यात पाय ठेवला. "म्हणून पाणी कोमट केलंय," म्हणाली. "तू भाजून घेशील म्हणून. तवाही मीच लपवलाय. आणि त्या दिवशी तू मला पंचवीस सेंट दिले नाहीस, एक सेंट दिलास."

मग गॅरेजमधून निळं फडकं घेऊन आली आणि टेबलावर सोडलं. आत दांडा. टोकाला हिरवा ठिपका, जरा लांबलेला.

"नवा खोक्यात होता, बूशा. तू हा उचललास. जुना."

मी दांडा तोंडाशी नेला आणि खालचा ओठ लावला. पहिलं अंडं गार, गुळगुळीत. दुसरं. सातव्यावर ओठ अडकला. नखाएवढा खड्डा, कडा माशाच्या गळासारख्या. आंधळ्याला दिसला असता.

"नवा मी तीनदा मोजलाय," ती म्हणाली. "कामावरच्या मापानेसुद्धा. गाडी ठणठणीत आहे."

"आणि मला हे तेव्हाच का नाही सांगितलंस? तीन आठवडे मी मरतेय इथे!"

"बाबा एकदा म्हणाला घर विक, तर तू त्याच्याशी सहा वर्षं बोलली नाहीस." तिचं नाक वाहत होतं, बाहीला पुसलं. "मला वाटलं तू सांगशील. रोज वाटायचं, आज सांगशील. तू दूध सांगायचीस."

मी म्हटलं, "गाढवे."

ती म्हणाली, "तू म्हातारी गाढव."

मग दोघींनी त्या दुधाची खीर केली. हलवायचं काम तिने केलं. मी माझा लाल रंग शोधून काढला, पंधरा वर्षांपूर्वीचा, वाळून डिंक झालेला, थोडं ॲसिटोन घालून पातळ केला आणि हिरव्या ठिपक्यावर लाल ठेवला. तपासनीसाने आपली चूक आपणच रंगवायची असते.

९ एप्रिल, बुधवार

डॉक्टरकडे तिचं काही नव्हतं. माझंच नाव घातलं होतं तिने, महिन्याभरापूर्वी. बारा मार्चला दुपारी फोन केला होता म्हणे.

गाडीतून नेलं. पुलावरूनच. मी डोळे मिटून बसले होते. मिटल्या डोळ्यांनी ऐकलं: चढावर ते इंजिन धापा टाकायचं थांबतं आणि एकसंध गातं. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर बाई माझ्या नातीच्या वयाची. हातात नायलॉनचा एक केस, काडीला चिकटवलेला. म्हणाली, "आजी, डोळे मिटा. टेकला की 'हो' म्हणा."

मी जोसलिनकडे बघितलं. म्हटलं, "बघ, आता मी दांडा." मग डोळे मिटले.

लबाडी करता आली असती. बाईच्या चपला करकरत होत्या. ती वाकली की कळायचं, की आता टेकला असेल. कानांवर 'हो' म्हणत गेले असते तर घर, गॅस, सगळं आणखी वर्षभर तरी वाचलं असतं. मी चपला ऐकल्या आणि गप्प बसले. खूप वेळ खोलीत नुसती करकर होती. एकदा मानेजवळ टेकवलं तेव्हा "हो" म्हटलं. बाई म्हणाली, "तो तुमच्या नातीचा हात होता."

रक्त घेतलंय. पुढे काय ते दोन आठवड्यांनी. आश्रमाचा शब्द कुणी काढला नाही, मीही काढला नाही. घरापर्यंत जोसलिनने माझ्या खांद्यावरचा हात फक्त गिअर बदलायला काढला, तेवढंच.

आज रकाने भरते.

तारीख: ९ एप्रिल.
वस्तू: उजवा हात, डावा हात, डावा पाय.
निकाल: लाल.
तपासनीस: ४१.